हे पाठमोरे होते

ता. ११ जून, दुपार

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असं लिहिणार होते, पण देवाची भीती वाटते.

पंधरा दिवसांपूर्वी ह्यांच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर एका कामगाराची तीन बोटं तुटली. मालक म्हणतो, मशीनची हात वाचवणारी जाळी त्यानंच काढली होती. हे शेजारच्याच टेबलावर होते. घरी येऊन ह्यांनी मला हातांनी स्वच्छ दाखवलं, काम लवकर उरकावं म्हणून मालकानंच सकाळी जाळी काढायला लावली.

चौकशीला हवालदार आला. ह्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही, तेव्हा नेहमीसारखी मीच बोलले. "साहेब, हे पाठमोरे होते. काही पाहिलं नाही."

हवालदार हसला. "वहिनी, त्यांचे हात एवढा वेळ चालले आणि तुमचं दोन वाक्यांत आटपलं?"

"त्यांना पाल्हाळ लावायची सवय आहे," मी म्हटलं. सहीसुद्धा ठोकली.

काल चौकीवरून बोलावणं आलं. इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, घरचं माणूस दुभाषी नको. मूकबधिर शाळेच्या एक मास्तरीणबाई येऊन बसल्या होत्या. पोलिसांना अशी मदत करतात, पैसा घेत नाहीत म्हणे. फुकट राबणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय येतो. दिसायला म्हणशील तर चारचौघींसारखी. पण तिनं हात हलवले आणि ह्यांचा चेहरा असा उजळला ताई, की लग्नाच्या दिवशीही तसा पाहिला नव्हता. लहानपणी शाळेत शिकलेली ती भाषा हे विसरले असतील असं मी धरून चालले होते. मिनिटभरात दोघं हसायलाही लागले!

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो, हवालदारांची नक्कल केली त्यांनी."

अठरा वर्षांत ह्यांनी माझ्यापुढे कुणाची नक्कल केलेली नाही.

जाळीचा विषय निघाला तशी मी मांडीवरच्या पिशवीआडून ह्यांना खूण केली. ओठांवर बोट, मग पोटावर हात. मास्तरीणबाई पाढे म्हणावेत तशा कोरड्या आवाजात सगळ्यांसमोर म्हणाली, "पत्नी सांगताहेत, बोलू नका, पोटावर पाय येईल."

"अहो, ते आमचं घरातलं होतं!"

"इथं हातानं बोललेलं सगळं मला सांगावंच लागतं."

इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

दाराच्या काचेतून तासभर बघत होते. ह्यांचे हात थांबेनात. मी आजवर ह्यांना मानेनं उत्तर देता येईल तेवढंच विचारत आले. जेवणार? दुखतंय? पगार झाला? वाटायचं, सांगण्यासारखं तेवढंच असेल.

मग जबाब वाचून दाखवला. त्यात आहे, तो बोटं गेलेला माणूस ह्यांचा जिवलग. दोघं रोज एकत्र डबा खातात. ह्यांच्याशी बोलता यावं म्हणून तो खुणा शिकला. आणि मला तो कोण हे ठाऊक नाही! राग मास्तरीणबाईचा करावा की त्याचा, तेच कळेना.

इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "तुमचा पहिला जबाब तसाच राहिला, तर मालकाचा वकील विचारेल, नवऱ्याचं खरं की बायकोचं? त्या माणसाची भरपाई बुडेल." मी म्हटलं, विचार करून सांगते.

ताई, खोटं बोलले ते नोकरीच्या भीतीनं. पण काल बाकावर बसले तेव्हा नोकरी मनातही नव्हती. त्या बाईचं सगळं खोटं ठरावं आणि ह्यांना पुन्हा माझ्याशिवाय कुणी नसावं, एवढंच मी देवाकडे मागत होते. एका माणसाची बोटं गेलीत आणि मी हे मागत होते.

उद्या सकाळी अकरा वाजता चौकीत जाऊन, मी खोटं सांगितलं असं लिहून देणार आहे. नोकरीचं व्हायचं ते होईल. मास्तरीणबाईंचा शनिवारी खुणांची भाषा शिकवायचा वर्ग असतो. मी जाणार का, ते मात्र आज विचारू नकोस. अजून तिचं तोंड बघवत नाही.

दर पत्रात 'ह्यांचा नमस्कार' मी न विचारताच लिहीत आले. आज विचारलं, ताईला काय लिहू? बराच वेळ हात हलवत होते. 'ताई' कळलं, शेवटचं 'ये' कळलं. मधलं नाही. एरवी कळल्यासारखी मान हलवते, आज हलवली नाही.

त्यांचा निरोप अर्धाच आहे, तसाच पाठवते.

तुझी,
धाकटी