आईची मागची सीट

ताइतुंग, २ मार्च १९९८

चि. चिंगयुआन यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की आई कान लावून बसते, म्हणून हे पत्र. इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, पण इकडे काही ठीक नाही. गेल्या आठवड्यात आईने दोनदा डायलिसिसला जायला नकार दिला. यंत्राचं तिला काही वाटत नाही, तिथवर जाणं जिवावर येतं. अंगावर मांस उरलेलं नाही आणि बाबांच्या मोटरसायकलची सीट म्हणजे नुसती फळी. बाबांनी रजईची घडी बांधून पाहिली. समुद्राकडच्या वळणावर ती सरकली आणि तिच्याबरोबर आईसुद्धा. बाबांनी एका हाताने धरलं म्हणून वाचली. हॉस्पिटलच्या गाडीत बसवावं, तर शहर येईपर्यंत ओकून ओकून अर्धमेली होते. माझ्या स्कूटरवर तिचा विश्वास नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की असं चुकवत राहिली तर उन्हाळा बघायची नाही.

तू तिकडे तैपेईत साऱ्या जगाला सीटा शिवून देतोस. एक घरच्यासाठी शिव. बाबांना विचारलं तर नकोच म्हणतील, म्हणून मी विचारलेलंच नाही.

माया आहे म्हणतोस, ती आता कामातून दिसू दे.

तुझी ताई,
बीयुन

तैपेई, ७ मार्च १९९८

ती. ताईस चिंगयुआनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि मग हातातली सीट उलटी शिवली. मालक ओरडले.

सीट मी करतोच, पण निवड नीट करायला हवी. जेलची गादी मऊ असते, पण तुमच्याकडच्या उन्हात तव्यासारखी तापेल. स्प्रिंगची खड्ड्यात उडवते. दाट फोम सगळ्यात बरा, फक्त तो जाड लागतो. बाबांची उंची बेताची, म्हणून पुढचा भाग आहे तेवढाच ठेवतो, नाहीतर गाडी थांबवताना त्यांचे पाय टेकायचे नाहीत. मागे आईपुरता जाड करतो, पाठीला टेकू लावतो. मात्र ती अजून दोन्ही पाय एकीकडे सोडून बसते ना? तसं बसलं की सगळा भार एकाच हाडावर येतो. आता तिला दोन्हीकडे पाय टाकूनच बसावं लागेल.

परातीत तांदूळ पसर, त्यावर तिला बसव आणि हाडांचे जे दोन खळगे पडतील त्यांच्यामधलं अंतर सुतळीने मापून ती सुतळी पाठव. तांदूळ धुऊन शिजवा, नाहीतर आई मला शिव्या घालेल.

बाबांना काय सांगायचं ते तू बघ. घरची सीताफळांची बाग सोडून लोकांच्या ढुंगणाची सेवा करायला चाललाय, असं ते म्हणाले होते. त्याला चार वर्षं झाली, तरी अजून ऐकू येतं.

आईला जप. तुझा लोभ आहेच, तो असाच असू दे.

तुझा,
चिंगयुआन

ताइतुंग, १३ मार्च १९९८

चि. चिंगयुआन यास आशीर्वाद. वि. वि.

सोबत सुतळी आहे. आई परातीत बसली आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. म्हणाली, सून म्हणून आले तेव्हा सासूने पाय जुळवून बसायला शिकवलं, आता मरायच्या वेळी लेक घोडेस्वार करतोय. मग हसता हसताच खरं काय ते बोलली. तुला चेनकाका आठवतात? ते हॉस्पिटलातच वारले. बाहेर मेलेला माणूस गावात आणणं अशुभ, म्हणून वेशीबाहेर, रस्त्याकडेला तंबूत त्यांना ठेवलं होतं. आईला त्याचीच धास्ती आहे. तिकडे यंत्राला जोडलेली असतानाच गेले तर मलाही उघड्यावर ठेवाल, म्हणून मी घर सोडत नाही, असं म्हणाली.

बाबा छाटणीच्या कात्रीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, जिवंत नेईन आणि जिवंत घरी आणीन, तू फक्त मागे बस. इतकं लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकलं नव्हतं. आईने लगेच ऐकलं. सीट येईपर्यंत रजईवर बसून जायला तयार झाली आहे. तेव्हा हात चालव.

सीट तू करतोयस हे बाबांना कळलं आहे. नको म्हणाले नाहीत.

तुझी वाट बघणारी,
ताई

ताइतुंग, ३० मार्च १९९८

चि. चिंगयुआन यास खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

बसने पाठवलेली सीट पोचली. बाबांनी स्वतः बसवली. शिवणीवरून अंगठा फिरवला, नट आवळले, पुन्हा आवळले आणि बागेत निघून गेले. कौतुकाची अपेक्षा धरू नकोस. खडकाला पान्हा फुटत नाही.

आई मात्र तुझे गुण गाते. आता एकही दिवस चुकवत नाही. पण नवीनच पंचाईत झाली आहे. सीट इतकी सुखाची की ती वाटेतच झोपते! परवा डुलकी लागून कलली. त्यावर बाबांनी पेटीतून ती फुलांची झोळी काढली, जिच्यात बांधून आईने तुला-मला पाठीवर वाढवलं. त्याच झोळीने ते आता आईला पाठीशी बांधतात. गावातली पोरं हसतात, आईही हसते. म्हणते, एवढी पाठ लग्नातसुद्धा मिळाली नव्हती.

बागेत सीताफळं लगडली आहेत. किडनीच्या पथ्यात तिला ती वर्ज्य, म्हणून नुसती हुंगते. तू आलास की तिच्या वाटची तू खायचीस, असं तिने सांगितलं आहे. लवकर ये रे. तिच्या पायांवरची सूज मला बघवत नाही.

तुझी,
ताई

ताइतुंग, १९ मे १९९८

चि. चिंगयुआन यास आशीर्वाद. वि. वि.

आईची क्रियाकर्मं आटोपून तू गेलास आणि घर खायला उठलं. तू होतास तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत बोलायला मिळालं नाही, आणि खरं तर तेव्हा मला हे ठाऊकही नव्हतं.

त्या दिवशी डायलिसिसहून परतताना बाबांनी मोटरसायकल थेट दारात आणली. इंजिन चालूच होतं. मधल्या खोलीत फळी टाक, तिचा श्वास आहे अजून, असं मला ओरडून सांगितलं. झोळीच्या गाठी त्यांनी स्वतः सोडल्या, मला हात लावू दिला नाही. मी कापसाने तिचे ओठ भिजवले. हात गार लागले. मला वाटलं, समुद्रावरचा वारा लागला असेल. मग बाबांनी तिच्या नाकाशी कान नेला आणि म्हणाले, आता गेली. पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोर, आपल्या घरात. सगळं गाव म्हणालं, काय पुण्यवान बाई, घरी पोचेपर्यंत जीव धरून ठेवला. मीही सगळ्यांना तेच सांगितलं.

काल पुलाजवळच्या सुपारीवाल्या काकू भेटल्या. म्हणाल्या, तुझा बाप कुणाच्या रामरामाला उत्तर देत नाही, पण त्या दिवशी पुलावर केवढ्यानं ओरडत होता. पूल आला गं, पूल ओलांडतोय, मागे राहू नकोस. पुढच्या वळणावरही तसंच, वळण आलं गं. एवढं सांगून त्यांनी पानाला चुना लावला. मग म्हणाल्या, माझा रेडिओ चालू होता, मी काही ऐकलं नाही, आणि कुणी विचारलं तरी ऐकलं नाही.

आजोबांची अंत्ययात्रा नेताना उदबत्ती धरून पुढे तूच होतास. प्रत्येक पुलाशी, प्रत्येक वळणाशी त्यांना हाक मारून सांगत होतास, जीव वाटेत चुकू नये म्हणून. जिवंत माणसाला कोण सांगतं रे, पूल आला म्हणून?

वाटेत त्यांना कुठे कळलं, किती वेळ ते तसे तिला पाठीवर घेऊन आले, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. गावाला कळलं तर उद्या कुणाची कोंबडी मेली तरी दोष आपल्या दारावर येईल. बाबा बागेत जातात, येतात. दिलेला शब्द पाळला म्हणायचं की मोडला, ते मला सांगता येत नाही. रडू येतं आणि त्यांचा अभिमानही वाटतो.

तुझी,
ताई

तैपेई, २४ मे १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

कुणाला बोलणार नाही. पण तुला एक सांगायलाच हवं.

आईच्या देहाजवळ रात्री जागत होतो तेव्हा बाबा आणि मी समोरासमोर बसून तिच्यासाठी जाळायची कागदाची कमळं दुमडत होतो. तू स्वयंपाकघरात होतीस. त्यांनी हातातलं कमळ पुरं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तुझं काम पक्कं आहे, पुलावरच्या खड्ड्यातसुद्धा ती जराही हलली नाही.

ताई, मी सुखावलो गं. चार वर्षांनी बापाच्या तोंडून चांगला शब्द आला होता. आईचं मढं समोर होतं तरी सुखावलो. दुकानात येऊन मालकांना सांगितलं, सोबतच्या सगळ्यांना सांगितलं, की बाबांना माझी सीट पसंत पडली. काल तुझं पत्र येईपर्यंत मला त्यातलं एवढंच कळलं होतं.

उन्हाळी बहाराची सीताफळं उतरवायला मी येतोय. बाबांना सांग, स्टँडवर मला घ्यायला मोटरसायकल घेऊन येऊ नका, मी चालत येईन. त्या सीटवर मला बसवणार नाही.

तुम्हा दोघांची माया आहे, ती राहू द्या. मला आता तेवढीच उरली.

तुझा,
चिंगयुआन