गल्लीत कोकी बोलला

हिलोच्या वर, हवाई
शुक्रवार, ५ सप्टेंबर

प्रिय नेरेईदाताई,

तुला, भावोजींना आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? इकडे मी बरा आहे. पाऊस रोज पडतो, कपडे वाळत नाहीत. परवा ओल्या तुरीचा भात केला. तूर डब्यातली मिळाली, पण आपला मसाला कुठे मिळेना. केहाऊ आँटीने, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "पोरा, तुझी आई असाच करते का रे? मग तू पळून आलास ते बरोबरच." चांगली आहे म्हातारी. म्हणजे होती. आता काय ते कळत नाही.

नाकासोने साहेबांच्या रोपवाटिकेतलं काम चालू आहे. तिची आणि आँटीच्या परसाची भिंत एकच. मी कुंड्या भरतो, पाणी घालतो, गाडीत चढवतो.

आई मागे फोनवर म्हणाली, तिकडे आपले कोकी बेडूक आहेत म्हणे, मग तुला घरच्यासारखंच वाटत असेल. मी हो म्हणालो आणि भावोजींची गाडी विकली का ते विचारलं. तुला तेव्हाच शंका आली असणार.

ताई, तुझ्या दुकानाच्या पाटीवर कोकी आहे, आईच्या कानात सोन्याचे कोकी आहेत. इथे साहेबांच्या फाटकावर त्याचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली. खाली हिलोत इतके झालेत की लोक खिडक्या लावून झोपतात. वर आमच्या गल्लीत अजून एकही नव्हता. त्याचाच या लोकांना मोठा अभिमान. संध्याकाळ झाली की गल्लीतला रॉडनी पाचेको पाठीवर फवाऱ्याची टाकी लावून फिरतो. टाकीत लिंबूसत्त्वाचं पाणी, ते अंगावर पडलं की बेडूक मरतो. पहिल्याच आठवड्यात त्याने मला गाठलं. "काय पोर्तो रिको, तुमच्याकडचीच ना ही पीडा? कुंड्यांतून आली म्हणतात."

"मी विमानाने आलो," मी म्हणालो. सगळे हसले. तो नाही हसला.

कोपऱ्यावरच्या ग्रेचेनबाईचं उलटं. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून इथे राहायला आली, तिला हा आवाज म्हणजे अंगाई वाटते. दारावर लिहिलंय, इथे बेडकांना अभय. मी तिला हिलोहून कुंड्या आणताना पाहिलंय. पण मी बोललो तर कोण ऐकणार?

मागच्या आठवड्यात तिन्हीसांजेला आँटीच्या परसात एक बोलला. को-की. ताई, माझ्या हातातली बशी पडली. आणि आँटी रडायला लागली. म्हणाली, "माझ्या लहानपणी या वेळेला इथे काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही रे. आमची संध्याकाळ तशीच होती." आपल्याला आवाज नसला की कसंतरी होतं, तिला असला की.

रॉडनीची माणसं आली, बॅटऱ्या मारल्या, नेचे तुडवले. जवळ गेलं की तो गप्प. तीन संध्याकाळी तेच. मग नाकासोने साहेबांनी मला बाजूला घेतलं. "एलिएझर, रोपं बघायला सरकारी तपासनीस येतोय. त्याच्या कानावर हा आवाज पडला तर माझी एकही कुंडी बाहेर जाणार नाही. मग पहिलं तुला कमी करावं लागेल. तुला जमतं का बघ."

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

आपण ओसरीवर करायचो तेच मी केलं. बसलो, थांबलो आणि शीळ घातली, नुसती 'को'. दुसरा नर आला असं समजून तो तावातावाने बोलला. परत शीळ, परत उत्तर. अननसासारख्या पानांचं झाड आहे, त्याच्या बेचक्यात होता. बोटाच्या पेराएवढा. मुठीत धरला तरी गळा हलत होता. रॉडनीने त्याच पाण्याची, लिंबूसत्त्वाची, बादली पुढे केली. बादली त्याची, पण हात माझा होता, ताई. मी मूठ उघडली.

मला वाटलं आता पाठीवर थाप मिळेल. पण रॉडनी हळूच म्हणाला, "आम्ही तीन दिवस शोधतोय. तू शीळ घातलीस आणि तो तुझ्याशी बोलला."

"तसंच धरतात आमच्याकडे."

"हो ना. आणून ठेवणाऱ्याला बरोबर सापडतो."

दुसऱ्या दिवशी गल्लीभर तेच. साहेब मला कुंड्या उचलू देतात, पण गाडीत चढवताना स्वतः उभे राहतात. माझ्या डब्याचं झाकण कुणीतरी उघडून बघितलं होतं. ग्रेचेनबाई समोरून आली आणि थुंकल्यासारखं म्हणाली, "स्वतःच्या गाववाल्याला मारलंस." आँटी जेवायला वाढते, पण माझी खोली झाडायला आता ती स्वतः येते, पलंगाखाली वाकून. रॉडनीच्या पुतण्याला ही खोली हवी आहे, हे मला आधीच माहीत होतं. कोण कशासाठी काय बोलतंय, मी आता सगळं जोखत बसतो. मला आधी ही सवय नव्हती.

आणि आज दुसरा बोलला.

तुला लिहितोय तेव्हाही बोलतोय. माझ्या खिडकीखाली पाण्याचं पिंप आहे, त्याच्या मागे. त्यांना अजून कळलेलं नाही, ते भिंतीकडे शोधतायत. नुसती एक शीळ घालायची आहे. पण धरला तर मीच ठेवला होता म्हणतील, आणि नाही धरला तर सोमवारी तपासनीस येतोय.

आत्ता रॉडनी खिडकीशी आला होता. "कुठून येतोय रे आवाज? तुला कळत असेल."

मी म्हणालो, "मला नाही ऐकू येत."

त्याच्यामागे आँटी उभी होती. तिने पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला आवाजाची जागा कळली होती, ताई, आणि मी खोटं बोललो हेही. मग ती आत गेली. आता मला घालवील का वाचवील, सांगता येत नाही.

खिडकी सताड उघडी ठेवली आहे, दिवा लावला आहे आणि मी रस्त्याकडे तोंड करून लिहीत बसलो आहे. माझे हात त्यांना दिसायला हवेत. ते घरी जाईपर्यंत पेन खाली ठेवता येणार नाही, म्हणून एवढं लिहिलं. सोमवारनंतर या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस, मी कळवेन तिकडे पाठव.

आईला सांग, इथे कोकी खूप छान बोलतात.

तुझा भाऊ,
ज्याला इथे काही ऐकू येत नाही,
एलिएझर