आक्का, नेपाळ आणि माझा गुडघा

प्रिय आक्का,

तू होतीस तेव्हा तुला पत्र पाठवायची वेळच कधी आली नाही. एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या आपण दोघी. बहिणीच्या बहिणी आणि जावांच्या जावा. बहीण म्हणून लाड केलेस आणि जाऊ म्हणून कामाला लावलंस! तुझी चूल माझ्या चुलीपासून चार पावलांवर. हाक मारली की झालं, पत्र कशाला लागतंय? आता तुला जाऊन तीन वर्षं झाली. हाक मारते कधीकधी, सवयीनं. ओ देत नाहीस, म्हणून हे.

तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. म्हणजे हे पत्र कसं पोचायचं ते देवालाच ठाऊक! मी बोलतेय आणि आपली सानिका लिहितेय, माझ्या दिलीपची लेक. मधेमधे माझं बोलणं शाळेतल्यासारखं सरळ करते. "आज्जी, असं न्हाय लिहीत," म्हणते. मी म्हटलं, "तू लिही गं, आक्काला कळतंय."

आजच का लिहितेय? कारण आज संध्याकाळच्या बसनं सानिका बेळगावला कामावर परत जाणार, आणि त्याच्या आत मला एक शब्द द्यायचाय. हो किंवा नाही. तो देण्याआधी तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय. बारा वर्षं राहिलंय.

आक्का, ही पोरगी नेपाळला जायचं म्हणतेय! देवाला नव्हे, डोंगर चढायला. पाठीवर पिशवी टाकून, कमीत कमी खर्चात. चार महिने झाले, दर शनिवारी घरी आली की वही उघडून बसते. पुण्यापर्यंत बस, तिथून गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं सोनौलीला चालत चालत सीमा ओलांडायची, मग परत बस, की पोखरा. विमान नको, हॉटेल नको. डोंगरातल्या लोकांच्या घरात खोली घ्यायची आणि त्यांच्याच चुलीवरचं जेवायचं. डाळभात पुन्हा पुन्हा वाढतात म्हणे. मी म्हटलं, "मग पंगतच की गं ती! पंगतीला एवढ्या लांब जातीस?"

पासपोर्ट पण लागत नाही, मतदानाचं कार्ड दाखवलं की सोडतात. "म्हंजे मत द्यायला चाललीस का डोंगर चढायला?" म्हटलं. हसली. सीमेचं मात्र मला काही वाटलं नाही. आपण निपाणीचे लोक, जन्मभर सीमेवरच बसलोय. कोल्हापूरच्या बसमध्ये बसलं आणि कागल आलं की पाट्यांवरची अक्षरं बदलतात म्हणतात. मला दोन्हीकडची सारखीच!

तयारी तर बघायला हवी होतीस. कुणाची तरी जुनी पिशवी मागून आणलीय, पोरीच्या कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत येते. वजनाची सवय व्हावी म्हणून तीत दहा किलो जोंधळं घालते आणि रविवारी सकाळी तवंदीचा घाट चढते. चढून वर जायचं आणि तसंच जोंधळं घेऊन खाली यायचं! दिलीप कपाळ धरून बसला. "आई, गल्लीतली माणसं मला इचारत्यात, पिठाची गिरण घाटावर कवा गेली म्हणून!"

पिशवी मात्र भरायला येत नव्हती तिला. एका अंगाला कलायची. मी सगळं उपसलं आणि परत भरून दिली. जड ते पाठीला लागून, हलकं ते बाहेर, मऊ ते तळाला. आयुष्यभर बिडीच्या तंबाखूची आणि पानाची ओझी वखारीतून डोक्यावर आणली ती काय उगीच? कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पण बांधून द्यायची ठरवलीय. महिनाभर टिकतात, आणि तिथं जसजसं वर जाऊ तसतसं खाणं महाग होतं म्हणे. पोरगी म्हणाली, "आज्जी, वजन वाढतंय." मी म्हटलं, "खाल्लंस की कमी होतंय की!"

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. तिच्याबरोबर तिच्या कामावरची एक मैत्रीण जाणार होती, पिरनवाडीची दीपा. दोघींची तिकिटं काढून झाली होती. गुरुवारी दीपाचा फोन आला, रजा मिळत नाही, मी येत नाही. खरं असेल. मी कोण तपासणारी?

मग दिलीप अडून बसला. एकटी पोरगी, परका मुलूख, एवढ्या उंचावर! सानिकानं सांगून बघितलं, की तिथं वाट दाखवायला बायका पण मिळतात, पोखऱ्याहून तशी एक बाई बरोबर घेणार आहे, तिच्याशी बोलणंही झालंय. दिलीप ऐकेना. शेवटी काल जेवताना ताटावरून मान न उचलता म्हणाला, "आई म्हणंल तसं. आई हो म्हणाली तर जा. न्हायतर तिकीट रद्द."

आणि पोरगी पण माझ्याकडं बघून म्हणाली, "चालंल. आज्जीला नको वाटत असंल तर मी न्हाय जात."

बघ आक्का, केवढं सोपं करून दिलं दोघांनी मला!

आज दुपारी मी पडले होते. सानिका येऊन पायाशी बसली. आणि माझ्या तोंडात शब्द तयार होता. "सानिका, दोन दिवस झालं छातीत कसंतरी हुतंय बघ." एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. "नको" म्हणायला पण लागलं नसतं. पोरीनं स्वतःच तिकीट रद्द केलं असतं, वर मला दवाखान्यात नेलं असतं.

छातीत काही होत नव्हतं, आक्का. भीती होती नुसती.

सानिका, तू लिही. थांबू नको. माझ्याकडं बघू पण नको.

तर शब्द ओठांवर आला आणि मला तू आठवलीस. तो वखारीतला कॅलेंडरचा कागद आठवला. तयार बिड्या द्यायला गेलं की तू रांग सोडून त्याच्यापुढं जाऊन उभी राहायचीस. पांढरा डोंगर, खाली एवढंसं घर, घरातून धूर. बाकीच्या बायका डोंगराला हात जोडायच्या. आणि तू? "बारके, एवढ्या बर्फात चूल कोण पेटवत असंल गं? जळण कुटनं आणत्यात?" महिना संपल्यावर तो कागद मागून आणलास आणि भाकरीच्या टोपलीवर चिकटवलास.

मग तो यात्रावाला आला. काशी, गया आणि पुढं नेपाळ, पशुपतीपर्यंत. बस आपली, आचारी आपला. बायकांची नावं जोडीनं लिहून घेत होता, एका बाकावर दोघी, एका खोलीत दोघी. तू मला न विचारताच सांगितलंस, "आमची दोघींची लिवा." घरी येऊन मला म्हणालीस, "चल, धूर कुणाचा हाय ते बघून येऊ."

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची असते. लोक तिथं जाऊन सोडतात, तेही कारलं नाहीतर भोपळा! तू घरातच सोडलीस. आणि काय सोडलंस? रोज दाताला लावायचीस ती मिसरी! निपाणीची बाई, तंबाखूत हात घालून जन्म गेलेला, आणि मिसरी सोडते! बस सुटायला दोन महिने होते. "हितनंच सवय करती, तिथं जाऊन तोंड वाकडं नको," म्हणालीस. आठ दिवस कुणाशी धड बोलली नाहीस. बिड्या वाकड्या वळल्यास, तपासणीसानं ढीगभर छाटून टाकल्या. लवंग चघळत बसायचीस आणि आल्यागेल्यावर खेकसायचीस. मला किती हसू यायचं! हसत होते आणि मनात म्हणत होते, ती बस येऊच नये.

कारण मला जायचं नव्हतं. तवंदीच्या वळणावर डोळे मिटून बसणारी मी, त्या डोंगरात बस कशी चढणार? घर सोडून चार रात्री कधी बाहेर काढल्या नव्हत्या. पण तुझ्यापुढं "भ्या वाटतंय" कसं म्हणू? जन्मभर तू मला भित्री म्हणून चिडवलंस. मग एक दिवस पाटावरून उठताना मी गुडघा धरला.

आक्का, माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.

हे सांगायचं होतं. झालं सांगून.

तू काय केलंस? रोज तिन्हीसांजेला लसूण घालून तेल कडवायचीस आणि माझा गुडघा चोळत बसायचीस. मी "आई गं" म्हणायची. एवढं लंगडले, एवढं लंगडले की शेवटी कुठल्या पायानं लंगडायचं तेच विसरायची! यात्रावाला आला, तुला म्हणाला, "मावशी, तुमास्नी दुसरी जोडी देतो, चला की." तू म्हणालीस, "माझी जोडी घरात हाय." आणि बस गेली.

पुढं एकदा मी म्हटलं, "आक्का, आता मिसरी घे की. यात्रा कुटं झाली?" तू माझ्याकडं बघितलंस. "बस गेली म्हणून शब्द मोडती व्हय मी?" शेवटपर्यंत तोंडाला लावली नाहीस. तुझ्या पांढऱ्या दातांकडं बघितलं की मला खाली बघावं लागायचं. तुला वाटत असेल, बारकी लाजरी आहे!

इथं सानिकानं लिहायचं थांबवलं. म्हणाली, "आज्जी, एक इचारू? आक्काआज्जीला कळलं नव्हतं कशावरनं?"

मी म्हटलं, "तिला कसं कळंल? रोज तेल चोळत होती की."

"कुठला गुडघा चोळायची?"

आणि आक्का, मला ती संध्याकाळ आठवली. बस जाऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी पाय पसरला, तू तेल घेतलंस आणि आधी हा गुडघा चोळलास, मग तो. मी म्हटलं, "दोन्ही कशाला?" तू मान खाली घालून म्हणालीस, "असू दे. दोन्ही चोळती. म्हंजे कुटला ते तुला ध्यानात ठेवाय नको."

मी हसले होते तेव्हा! म्हटलं, म्हातारी थट्टा करतेय. बारा वर्षं थट्टाच समजत आले. का समजून घेतली थट्टा म्हणून? बरं पडत होतं म्हणून.

तुला माहीत होतं! सगळं माहीत होतं! मग बोलली का नाहीस गं? कान धरून बसमध्ये का नाही घातलंस? चार शिव्या द्यायच्या होत्यास, रडले असते, आले असते. तुझ्या खांद्यावर डोळे मिटून आले असते, पण आले असते! आणि मला नाही तर नाही, तू का नाही गेलीस? एवढं कुणी कुणासाठी थांबतं का? बोलायला बसलं की गल्ली गोळा करणारी बाई, आणि जिथं बोलायचं तिथं तेल चोळत बसलीस. याचा राग आहे माझा तुझ्यावर. लिही सानिका, राग आहे म्हणून लिही.

ही पोरगी रडतेय आता. कागद भिजवू नको गं.

आक्का, मी मघाशी दिलीपला हाक मारली. म्हटलं, "जाऊ दे तिला."

"एकटी?"

"एकटीच. बाई हाय म्हणतीय की बरोबर, वाट दावणारी."

"तुला झोप लागंल का, आई?"

"न्हाय लागणार. पर ती माझी झोप हाय. तिच्या वाटंत कशाला आणू?"

दिलीप "बरं" म्हणाला आणि गेला. जरा वेळानं परत दारात येऊन सानिकाला विचारतो, "त्या पिशवीत बॅटरी घेतलीस का गं? चांगली घे. माझी ने." बापाचं हो म्हणणं असंच असतं.

आता तुला शब्द देते. तू बस गेली तरी शब्द मोडला नाहीस, मला एवढा तरी पाळता यायला हवा. सानिका निघेल त्या दिवशी मी बसस्टँडवर जाईन. गाडी हलताना आपण बायका सवयीनं "लवकर ये गं" म्हणतो, तसं म्हणणार नाही. "सावकाश ये" म्हणेन. रोज फोन करून "जेवलीस का, थंडी हाय का, कवा येतीस" विचारणार नाही. फोन तिनं करायचा, तिला वाटेल तेव्हा. आणि ती घरी येईपर्यंत मला काही दुखणार नाही, आक्का. खरंच दुखलं तरीसुद्धा.

तुझी बारकी,
शेवंता