मौजे प्रकाशा येथे फोटो काढणेबाबत अर्ज

२ जानेवारी १९४१
नवीन वर्षाचा संकल्प: आजपासून मी फोटोग्राफर. नंदुरबार स्टेशनच्या बाबूकडून बॉक्स कॅमेरा आणला. जुना आहे, पण चांगल्या हाती पडला. रोल एकच, आठ फोटोंचा. लढाईमुळे दुसरा मिळणं नाही. मुंबईच्या एका मासिकानं सर्वांसाठी फोटोंची स्पर्धा ठेवली आहे. विषय 'नदीकाठ', पहिलं बक्षीस चांदीचा कप. कप फळीवर ठेवायचं ठरवलं. निर्मलेला लोणच्याच्या बरण्या हलवायला सांगितलं. हलवल्या नाहीत.

३ जानेवारी
निर्मलेची एकच मागणी. तिची आई, आमच्या सासूबाई दगूबाई, तापीकाठी प्रकाशाला राहतात. सत्तरी उलटली, आजवर एक फोटो नाही. घाटावर आईचा एक काढा, म्हणे, पुढे बघायला काहीतरी हवं. बोलता बोलता डोळे पुसले तिनं. मलाही गलबलून आलं. आठवा फोटो सासूबाईंचा, असा शब्द दिला. पहिले सात कलेसाठी.

७ जानेवारी
स्टेशनवर पाटी पाहिली होती: स्टेशन व पूल यांचे फोटो काढण्यास सक्त मनाई. म्हणजे घाटालाही परमिशन लागणारच. स्टुडिओवाल्या सलाउद्दीनला सहज विचारलं. तो म्हणे, घाटाला कसली परमिशन गिरधरभाऊ, समोरच्याला विचारायचं नि काढायचा. अडाणी माणूस. मी बावीस वर्षं कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितो. अर्जाशिवाय काही होत नाही, हे मला नाही कळणार तर कुणाला?

९ जानेवारी, सकाळ
अर्ज तयार. चार पानं. नुसती परवानगी मागण्यात काय आहे, ती कोणीही मागतो. आपण होऊन अटी सुचवल्या की साहेबांवर छाप पडते. सुचवल्या त्या अशा:
अ. प्रत्येक फोटोच्या वेळी एक पोलीस शिपाई हजर असावा.
ब. हजेरीचा पुरावा म्हणून तो फोटोत दिसावा.
क. अर्जदाराने गळ्यात 'परवानाधारक' अशी पाटी घालावी.
ड. दर फोटोपूर्वी परवानगीचा हुकूम जमलेल्या लोकांस मोठ्याने वाचून दाखवावा.
'ड' दोनदा वाचून काढली. स्वतःचंच कौतुक वाटलं.

२८ जानेवारी
उत्तर नाही. लांब अर्ज वाचायला वेळ लागतो.

१४ फेब्रुवारी
उत्तर नाही. निर्मला म्हणते, तोवर आईच्या अंगणात जाऊन एक काढून या, तिथं कोण विचारतंय. तिला म्हटलं, अंगणात कला नसते. ती म्हणाली, आई असते.

१९ फेब्रुवारी
मंजूर! चारही अटींसह. भाषा माझीच, एक काना इकडचा तिकडे नाही. साहेबांना माणसाची पारख आहे. 'ब' थोडी नडेल, पण कलावंत वाट काढतोच.

२४ फेब्रुवारी, शिवरात्र. प्रकाशा
सकाळी आठ. घाटावर ही गर्दी. ऊन फर्स्ट क्लास. शिपाई नवलसिंग हजर, मिशांना तेल लावून. मी पाटी घातली.

अकरा वाजता. पहिला फोटो: घागर भरणारी बाई. हुकूम वाचायला घेतला. वाचून होईतो बाई घागर घेऊन घरी पोचली असावी. फोटोत नवलसिंग. दुसरा: भरलेली नाव. ती पलीकडे जाऊन रिकामी झाली. फोटोत नवलसिंग.

दुपारी तीन. तिसरा ते सातवा: नवलसिंग. पाचव्यात तो बसला आहे, तेवढा फरक.

संध्याकाळी, घरी आल्यावर. आठव्याला सासूबाई नवं लुगडं नेसून पायरीवर उभ्या राहिल्या. निर्मलेनं त्यांच्या कपाळाचं कुंकू नीट केलं. नवलसिंग शेजारी येऊन ताठ झाला मात्र, सासूबाई उसळल्या. "पोलिसना संगे मी काब उभी ऱ्हासू? मी काय चोरी करेल शे का?" मी त्यांना 'ब' वाचून दाखवली. दोनदा. त्यांनी पाठ फिरवली. नवलसिंग बिचारा म्हणाला, मी बाजूला होतो, कोण बघायला बसलंय. मी साफ नकार दिला. नियम तो नियम. निर्मला आईशेजारी जाऊन उभी राहिली.

नवलसिंगला मागे नेऊन 'ब' समजावून सांगतोय, तोच सलाउद्दीन तिथं आला. गळ्यात पाटी नाही, हातात कागद नाही. मावशी म्हणून हाक मारली, काहीतरी विचारलं, सासूबाई खळखळून हसल्या, आणि यानं खटका दाबला. सरकारी शिपायाच्या डोळ्यांदेखत! त्या रागात माझाही खटका दाबला गेला. आठवा फोटो माझ्या जोड्यांचा.

२५ फेब्रुवारी
सलाउद्दीनविरुद्ध तक्रार अर्ज. सहा पानं. नंतर रोल धुवायला त्याच्याकडेच द्यावा लागला, गावात दुसरा कोणी नाही. चेहरा कठोर ठेवला. त्यानं चहा पाजला. प्यालो.

३ मार्च
फोटो उत्तम आले. पाचवा स्पर्धेला पाठवला. शीर्षक: 'कायदा आणि तापी'. निर्मला दहा दिवस माहेरी गेली आहे.

१२ मार्च
तक्रारीवर कचेरीचं उत्तर. मनाई फक्त स्टेशन व पुलाला. घाटावर फोटो काढण्यास परवानगीची गरज नाही व कधी नव्हती. मागील हुकुमातील अटी अर्जदाराने स्वतः मागितल्या म्हणून दिल्या. साहेब थट्टेखोर दिसतात. पत्र फाइलला लावलं.

२० एप्रिल
निकाल. पहिला नंबर सलाउद्दीन. मासिकात पानभर फोटो. सासूबाई बोळकं पसरून हसताहेत, निर्मला तोंडाला पदर लावून. मागे शिपाई आणि मी. सलाउद्दीन एक मोठी प्रत चौकट करून घरी देऊन गेला. म्हणाला, कप माझा, मावशी तुमची. निर्मलेनं बरण्या हलवल्या.

२७ एप्रिल
सासूबाई राहायला आल्या आहेत. शेजारच्या तुळशीबाई फोटो बघायला आल्या. मागचा तो गळ्यात पाटीवाला कोण, असं त्यांनी विचारलं. मी आतल्या खोलीत कान देऊन होतो. सासूबाई म्हणाल्या, "माले काय म्हाईत माय. पोलिसनी धरेल मानूस दिखस."

निर्मला हसली. पण तिनंही सांगितलं नाही.

मी पोलिसांनी धरलेला माणूस नव्हे, असा खुलासा करावा म्हणून कागद घेतला. 'अर्ज लिहितो ऐसाजे' इथवर आलो. कोणाला लिहायचा, ते काही सुचेना.