शिंगाचा उंदीर, आठ पदरी दोरी

चैत्र शुद्ध ३, फसली १३२१. बीड.
या दोन हातांनी, कुणा उस्तादाशिवाय, आजवर केलेलं: म्हशीच्या शिंगाचे उंदीर सहा. कासवं दोन. माकड एक (उजवा कान गेला). आज सातवा उंदीर पुरा. पोत्यावर बसलेला, मिशांचे केस डावीकडे पाच, उजवीकडे पाच.
पाच वर्षांमागं एक चिनी कापडवाला आलता. त्याच्या कमरेच्या बटव्याला असाच उंदीर लटकत होता. तो पाणी पिईपर्यंत मी कागदावर उतरवून घेतला. कमरेची वस्तू गळ्यात आणली, हा मात्र माझा शोध.
सातवा दानम्माचा. ती महिनाभर लिंबागणेशला भावाकडं आहे. हवापालटाला, असं दुकानात सांगतो.

शुद्ध ५.
उंदरासाठी दोरी वळायला घेतली. रेशमी, आठ पदरी. शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, किराणावाल्याची बायको जन्मभर उंदीर हाकलते, तिच्या गळ्यात तुमी उंदीरच बांधा. बाईंना कलेतलं कळत नाही.

शुद्ध ८.
निम्मी दोरी झाली. घाई करील तो कारागीर कसला.
दानम्माच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीचा दोरा विरला होता. वर्षभर म्हणत होती, नवा वळून द्या. मी कासवात गुंतलो होतो. दोरा तुटला, डबी उघडून लिंग आडाच्या दगडावर पडलं. आमच्या लिंगायतांत लिंग अंगावरून पडणं म्हणजे घात. दोन दिवस तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मग गेली. मी कासवाचे खवले मोजत होतो, तेरा.
बाजारचा दोरा. तुटणारच.

शुद्ध १३.
दोरी तयार. कचेरीतले एक साहेब दुकानात आलते, दोरीसकट उंदीर मागू लागले. विकाऊ नाही म्हटलं. धुळाजी गाडीवानाबरोबर पुडी लिंबागणेशला धाडली. बघितल्याबरोबर निघेल. पौर्णिमेपर्यंत येतेच. चूल सारवून घेतली.

पौर्णिमा.
आली नाही. बैल लंगडला असेल.

वद्य ४.
मेव्हणा शिवशरण आला. बसला नाही. पुडी फळीवर ठेवली. आत उंदीर, दोरी नाही. दोरी का काढली, विचारलं.
"अक्कानं ठेवून घेतली. जंगमस्वामींनी लिंग त्याच दोरीत बांधून दिलं. लई मजबूत हाय म्हनती. वरीसभर तेवढीच मागितलती म्हनं तुमाला."
कधी येणार, विचारलं.
"ती न्हाई यायची, दाजी."
तो गेल्यावर उंदीर उजेडात धरला. मिशा पुन्हा मोजल्या. उजवीकडे चारच आहेत.

वद्य ७.
साहेब पुन्हा आले. उंदीर हवा, पण तशीच आठ पदरी दोरी वळून. शिंग आहे, रेशीम आहे, हात आहेत. नको म्हणालो.
चाळीस रुपये देत होते, निजामाचा हाली सिक्का.