तीन दाण्यांमागं एक लवंग

पौष शुद्ध ३, रविवार

लेकरू पाठवत न्हाईत! सुग्रीव गाडीवान नांदूरघाटला सरकी टाकून परत आला. त्याच्या तोंडी विहीणबाईंनी सांगून धाडलं — "रुक्मिणीबाईंना म्हणावं, लहान लेकराला धीराचा हात लागतो. तुमचा तसा न्हाई. वरीस होऊ द्या, मग बघू."

का म्हणून? ह्या चंद्रभागाबाई कोण ठरवणाऱ्या? माझ्या आसारामाचा ल्योक हाय तो! मानमोडीच्या तापानं सून गेली तवा गहिनी नुकता पालथा पडाय लागलता. "चार दिवस सांभाळते" म्हणून त्या घेऊन गेल्या. पोरगी त्यांची होती, म्हणून मी गप्प बसले. आसाराम हैदराबादेला निघून गेला. हे ज्वारीच्या राखणीला मळ्यातच निजतात. घरात मी आन् मांजर. मांजर बी जेवायला शेजारी जातं.

रागवायचं तरी कुणावर?

पौष शुद्ध ५, मंगळवार

गहिनीची पहिली संक्रांत. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं ओतायची. ते तिथंच करतील, करू द्या. दागिने तरी माझ्या हातचे असूदेत. तीळ निवडले, साखर काढली, परात घासली.

तेवढ्यात शेजारची वत्सलाबाई आली. परात बघून उंबऱ्यातच थांबली. "अक्का, खुळ्या झालात का? घरातलं माणूस जाऊन वरीस झालं न्हाई. ह्या चुलीवर सणाचं गोड? आन् ते लेकराच्या अंगावर घालायचं?"

खरं हाय. विसरलेच होते मी! परात पालथी घातली आन् तशीच बसले.

ती उंबरा ओलांडून आत आली. मग म्हणली, "चूल माझी. हात पोरांचे. तुमी नुसतं सांगायचं, हात लावायचा न्हाई."

"तोंड लावू का?"

"ते कुणाच्यानं थांबणार हाय!"

पौष शुद्ध ६, बुधवार

सकाळी थंडीत वत्सलाबाईच्या ओट्यावर शेगडी मांडली. तिची जनी परातीपाशी. धोंड्या निखाऱ्याला वारा घालायला. धाकटा सटवा खायला.

हलव्याचं काम लई चेंगट. निखारा मंद पाहिजे. पाक थेंब थेंब सोडायचा, बोटांनी तीळ फिरवत राहायचं, एकेका दाण्याला काटे फुटेपर्यंत. मला जन्मात काटे फुटले न्हाईत. माझा हलवा म्हणजे गोफणीचे खडे. सासू म्हणायची, हिच्या हलव्यानं पाखरं राखावी.

तरी सांगाय बसले. "किती वेळ घोळतीस? वत व्हय पाक!" पोरीनं वतला. सगळा तीळ एका गोळ्यात! सटव्यानं गोळा उचलला, ओट्याखाली जाऊन खाल्ला.

जनी म्हणली, "काकू, तुमी तिकडं तोंड करून बसा."

नऊ वर्षांची पोर! वत्सलाबाई पदरात हसली. बसले मग. भिंतीकडं तोंड करून. नातवाची आजी मी!

पौष शुद्ध ७, गुरुवार

आज बोलले न्हाई. काटे फुटले.

पौष शुद्ध १०, शनिवार (नवमीचा क्षय)

दागिने ओवले. धोंड्यानं बासरी केली, दिसते मुसळ. मुकुट वत्सलाबाईनं बांधला. कडी झाली, त्यातलं एक सटव्याच्या पोटात गेलं, दुसऱ्यांदा केलं. धोंड्या म्हणला, "ह्यालाच पाठवा नांदूरघाटला, सगळे दागिने ह्याच्या आतच हायत." लई हसले सगळे. मी बी हसले. घरी येऊन लक्षात आलं.

जनी माळ ओवत होती. तीन दाणे, मग एक लवंग. परत तीन दाणे, लवंग. आमच्यात असं ओवीत न्हाईत.

"हे कुणी शिकवलं गं?"

"सुंदरवैनींनी. गेल्या संक्रांतीला. तिनामागं एक लवंग घातली की मुंग्या चढत न्हाईत म्हणल्या. त्यांच्या आईकडं असंच करतात." मग हळूच म्हणली, "पाक कसा सोडायचा ते बी त्यांनीच दाखवलतं. त्या मधी मधी बोलत नव्हत्या."

गेल्या संक्रांतीला मी तिथंच पलीकडं भाकरी थापत होते. सुंदर, माझी सून, ओट्यावर पोरांत बसलेली दिसली होती. काय करतीय ते विचारलं न्हाई.

पोरीच्या सुईतला दोरा निसटला. ओवून द्यायला हात पुढं केला, मग आठवलं. मागं घेतला.

पौष शुद्ध ११, रविवार

सुग्रीवाची गाडी गेली. दुरडीत फडकं, फडक्यात दागिने, वर झबलं. झबलं मी शिवलं. सुईदोऱ्याला कसलं आलंय सुतक!

त्याला बजावलं, "वत्सलाबाईच्या घरचं म्हणून सांग. माझं नाव काढू नको."

"विचारलं तर?"

"तर बी नको!"

भोगी, सोमवार

वत्सलाबाईनं तीळ लावलेली भाकरी आन् भाजी दिली. मळ्यात नेली. "बरी झालीय," हे म्हणले. दिवसभरात एवढंच ऐकलं.

संक्रांत, मंगळवार

बाया वाण घेऊन दारावरून गेल्या. दुःखाच्या घरी कोण कुंकवाला थांबतंय. रीतच हाय, त्यांचा काय दोष.

आता तिथं पाट मांडला असंल. आता बोरं ओतली असतील. पोरं बोरांवर तुटून पडली असतील आन् गहिनी भेदरून रडला असंल. का दुरडी तशीच कोपऱ्यात ठेवली? विहीणबाईंना कळल्याबिगर राहायचं न्हाई. ओळख न्हाई, पाळख न्हाई, वत्सलाबाई कशाला दागिने धाडंल?

सुग्रीव अजून आला न्हाई. दार उघडंच ठेवलंय. मांजर आलंय आज.

जनी तिळगूळ घेऊन आली. "गोड बोला, काकू," म्हणली आन् मी काही बोलायच्या आत पळाली.

करीचा दिवस, बुधवार

आज कुणी वेस ओलांडत न्हाई. तरी दिवस कलल्यावर सुग्रीवाची गाडी दारात. चंद्रभागाबाई उतरल्या! काखेत गहिनी, अंगात काळं झबलं, गळ्यात माळ.

"अहो, करीला निघालात?"

"आपलं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?" माझ्याकडं नीट बघितलं बी न्हाई. "ही माळ कुणी ओवली? ते हात दाखवा."

जनीला हाक मारली. विहीणबाईंना हात मोकळे पाहिजे होते, म्हणून लेकरू माझ्या मांडीवर दिलं. पोरीचे दोन्ही हात धरून खाली बसल्या. बोटं उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. सोडंनात. जनी बी हात सोडवंना.

गहिनीनं माझं बोट तोंडात घातलं आन् चावला. दात आलेत! दोन, खालचे. मला कुणी सांगितलंच न्हाई.

लई दुखलं. बोट काढलं न्हाई.