रूपीच्या हातचं छप्पर

रानशेत,
२ मे २०२५

चि. रूपीस लाहूदादाचा आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा तसाच. औषध घे म्हटलं की माझ्यावरच ओरडते. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी गाईगुरांच्या गप्पा मारून फोन ठेवून देईन. म्हणून लिहितो आहे.

सोमवारी आशागडला जाऊन तू छप्पर घातलेली बालवाडी पाहून आलो. तुझा भाऊ आहे हे सेविकेला सांगितलं नाही. तीच कौतुकाने सांगत होती, “दुकानदार निळा चकचकीत पत्रा गळ्यात मारत होता. रूपीताईंनी दोन्ही हातांनी वाकवून बघितला, पातळ आहे म्हणून परत ठेवायला लावला. गेल्या पावसात एक थेंब नाही आत.” मी वर बघतच राहिलो. प्रत्येक स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी चकतीसकट. दर्याकडचा वारा जोडात शिरणार नाही अशी मांडणी. काय हात आहे गं तुझा! खोड काढायला गेलो होतो, मान तेवढी अवघडली.

दोन वर्षांपूर्वी आपल्या घरासाठी तसलाच निळा पत्रा मी रंगाला भुलून आणला. मी वर स्क्रू मारत होतो, तू खालून ओरडलीस, “दादा, खोलगटात स्क्रू नको, पाणी तिथनंच वाहतं.” पत्रा तिथे पाइपाला टेकतो, म्हणजे घट्ट बसेल, एवढीच माझी अक्कल. जन्मभर गवताने घरं शाकारल्याचा तोरा होता ना! अख्खा पाडा मदतीला आलेला, आणि सगळ्यांसमोर मी म्हणालो, “तू चूल बघ जा.” छपराला आलेलं माणूस आपल्याकडे उपाशी जात नाही. तू उपाशीच निघून गेलीस.

दोन पावसाळे आईच्या अंथरुणाभोवती गळतीखाली टोपं मांडली आणि पत्राच खराब निघाला म्हणून सांगत फिरलो. परवा पाड्याच्या बैठकीत खरं सांगून टाकलं. बुधीबाई म्हणाली, “ह्यां आमाला कवाच माहीत होतां.” सगळे हसले, मीही हसलो.

अकरा तारखेला नवं छप्पर घालायचं आहे. पत्रा अजून घेतलेला नाही. त्याआधी वाणगावच्या दुकानात चल, तू बोट दाखवशील तो घेऊ. त्या दिवशी वर तू, मी खालून पत्रे देईन.

नाही आलीस तरी तू सांगितलंस तसंच करीन, आईला भिजू देणार नाही. पण आलीस तर पाड्यासमोर म्हणता येईल, ही आमची मिस्त्री, माझी बहीण.

चुकलो गं.

तुझ्या हाताखाली काम मागणारा,
दादा